बुद्धिबळ स्पर्धेतील गुणांकनाची वही

आपल्या छत्रपती संभाजीनगरात एखाद्या रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहावरून जात असाल आणि आत बुद्धिबळाची स्पर्धा चालू असेल, तर क्षणभर डोकावून पाहा. लांबच लांब टेबले मांडलेली असतात. त्यांवर हिरव्या-पांढऱ्या घरांचे पट अंथरलेले असतात. आणि भिंतीवर चिकटवलेल्या एका कागदापुढे शे-सव्वाशे मुले आणि त्यांचे आईबाप दाटीने उभे असतात. कोणी जालन्याहून पहाटेच्या एस.टी.ने आलेले, कोणी बीड-परभणीहून आदल्या रात्रीच पाहुण्यांकडे उतरलेले. त्या कागदावर पहिल्या फेरीच्या जोड्या लावलेल्या असतात. जो तो आपले नाव बोटाने शोधीत असतो. आणि हमखास एखादी आई पंचांच्या टेबलाशी येते.

"सर, आमची मुलगी आत्ता कुठं खेळायला लागलीय. तिला पहिल्याच फेरीत पहिल्या नंबरचा खेळाडू कसा हो दिला?"

"ताई, मी नाही दिला. संगणकानं दिला."

उत्तर खोटे नाही, पण पुरतेही नाही. जोड्या संगणक लावतो हे खरे. परंतु कोण तगडा आणि कोण नवखा हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारी एक वही संगणकात असते. ती खेळाडूंच्या गुणांकनांची, म्हणजे आपण बोलताना ज्याला 'रेटिंग' म्हणतो त्याची वही. ती नीट बसवली तर स्पर्धा नीट चालते. ती बसवण्यात चूक झाली, तर मुलाच्या हातून काही न घडताही त्याचा दिवस वाया जातो. या वहीचीच हकीकत आज सांगायची आहे. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तरही तीतच सापडेल.

पूर्वी हा आकडा नव्हताच. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा आपल्या महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांनी ते अजिंक्यपद विभागून घेतले. त्या काळी कोण किती पाण्यात आहे हे जाणकारांनी तोंडी सांगायचे आणि इतरांनी मानायचे. पुढे आर्पाद एलो या गृहस्थांनी या तोंडी हिशेबाला गणिताची बैठक दिली. एलो १९०३ साली हंगेरीत जन्मले, लहानपणीच अमेरिकेत गेले आणि मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली स्वीकारली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे 'फिडे'ने, १९७० साली.

पद्धतीचा गाभा सोपा आहे. दोन खेळाडूंच्या गुणांकनांत जितके अंतर, त्यावरून वरचढाने किती गुण मिळवावेत हे ठरते. अंतर शंभराचे असेल तर शंभर डावांत चौसष्ट गुण, दोनशेचे असेल तर शहात्तर. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलेत की आकडा चढतो, कमी मिळवलेत की उतरतो. एक उदाहरण घेऊ. १५०० गुणांकनाच्या मुलीने १७०० च्या गृहस्थांना हरवले. तिच्याकडून अपेक्षा होती ०.२४ गुणाची आणि तिने मिळवला एक. म्हणजे ०.७६ ची कमाई. याला एका गुणकाने गुणायचे. अठरा वर्षांखालील मुलांना, गुणांकन २३०० च्या खाली असेतोवर, हा गुणक ४० असतो. तेव्हा मुलीला मिळाले ३०.४. त्या गृहस्थांचा गुणक २०, म्हणून त्यांचे गेले १५.२. मुलांना एका विजयात एवढे मिळते, म्हणून आईबाप या आकड्यापायी इतके हळवे होतात. त्यांना हसू नये.

आता हा आकडा जोड्यांत कसा उतरतो ते पाहा. एकशेवीस खेळाडू असले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे ठरवले, तर ११९ फेऱ्या लागतील. रविवार एकच असतो. म्हणून स्विस पद्धत वापरतात. सगळ्यांना गुणांकनाच्या क्रमाने उभे करायचे, रांग मधोमध तोडायची आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी लावायचा. म्हणजे एक नंबर खेळणार एकसष्टाव्याशी, दोन नंबर बासष्टाव्याशी. पुढच्या फेऱ्यांत समान गुण असलेल्यांचे गट करून प्रत्येक गटात साधारण हेच. पूर्वी पंच हे काम पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या पसरून हाताने करीत आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्यांच्या नाकी नऊ येत. आता ऑस्ट्रियाच्या हाइन्झ हर्झोग यांचे 'स्विस-मॅनेजर' आणि त्या जातीची इतर सॉफ्टवेअरे हे काम चुटकीसरशी करतात. पण रांग चुकीची उभी केली, तर संगणक चुकीच्या रांगेवरूनही तितक्याच चुटकीसरशी जोड्या लावतो.

तेव्हा वही बसवण्याकडे वळू.

फिडे आपली यादी दर महिन्याच्या एक तारखेला प्रसिद्ध करते आणि ती कोणालाही फुकट उतरवून घेता येते. तीत जगभरच्या लाखो खेळाडूंची नावे, देश, जन्मवर्ष, किताब, गुणांकन आणि प्रत्येकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो. सॉफ्टवेअरला ही यादी दाखवून द्यायची असते. बहुतेक सॉफ्टवेअरे आता ती स्वतःच खाली आणतात. पंचाने फक्त दोन गोष्टी पाहायच्या : यादी कोणत्या महिन्याची आणि कोणत्या खेळाची.

महिना यासाठी, की स्पर्धा ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी लागू असलेले गुणांकन धरतात. स्पर्धा तीस तारखेला सुरू होऊन चारला संपत असेल, तर मध्येच एक तारीख उजाडली म्हणून नवी यादी लावायची नाही. आणि जुनीही चालवायची नाही. २०२४ सालच्या मार्च महिन्यात फिडेने २००० च्या खालच्या सर्व खेळाडूंचे दीर्घ डावांचे गुणांकन एकदाच वाढवले. २००० ला जितके कमी, त्याच्या शेकडा चाळीस इतकी भर घातली. ज्याचे ११०० होते, त्याचे एका रात्रीत १४६० झाले. त्याच वेळी किमान गुणांकन १००० वरून १४०० वर नेले. एखाद्या मंडळाच्या जुन्या संगणकात त्याआधीची यादी पडून असली, तर सगळी रांगच उलटीपालटी होईल. ओळखायची खूण सोपी आहे : दीर्घ डावांच्या यादीत कोणापुढे १२५० किंवा १३२० असा आकडा दिसला की समजावे, यादी शिळी आहे.

दुसरी गोष्ट खेळाची. गुणांकने तीन असतात : दीर्घ डावांचे, जलद म्हणजे 'रॅपिड' डावांचे आणि अतिजलद म्हणजे 'ब्लिट्झ' डावांचे. एकाच मुलाची ही तीन गुणांकने शंभर-दोनशेंनी वेगळी असू शकतात. कोणते लावायचे, याचा हिशेब साठ चालींवरून करतात. पंधरा मिनिटे आणि दर चालीला दहा सेकंद असे घड्याळ असेल, तर साठ चालींचे सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटे. एकूण पंचवीस. दहाहून अधिक आणि साठाहून कमी, म्हणून हा जलद डाव. तीन मिनिटे आणि दोन सेकंद म्हणजे एकूण पाच मिनिटे, हा अतिजलद. नव्वद मिनिटे आणि तीस सेकंद म्हणजे दोन तास, हा दीर्घ. आपल्याकडच्या एकदिवशीय स्पर्धा बहुधा जलद डावांच्या असतात. पण सॉफ्टवेअर उघडल्यावर दीर्घ डावांची यादी आपोआप समोर आलेली असते आणि घाईत तीच राहून जाते. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिचे आता नवल वाटत नाही. ज्या मुलाला जलद गुणांकन नाही पण दीर्घ आहे, त्याच्यासाठी दीर्घ धरावे असा पर्यायही सॉफ्टवेअरात असतो. स्पर्धेच्या नियमपत्रिकेत काय छापले आहे ते पाहून तो निवडावा. आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय अशा दोन गुणांकनांचे रकानेही वेगळे असतात. त्यांतले आधी कोणते धरायचे, हे पहिल्या फेरीपूर्वी ठरवून द्यायचे असते.

इथवरचे काम पाच मिनिटांचे. खरा घोळ पुढे आहे आणि तो आपल्या नावांचा आहे.

फिडेची यादी इंग्रजी लिपीत असते : आधी आडनाव, मग नाव. आता आपली तऱ्हा पाहा. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कोणी 'डी'पासून लिहितो, कोणी 'जी'पासून. ऋतुजा कोणी 'आर'पासून लिहिते, कोणी 'एच'पासून. अथर्वच्या शेवटी कोणी 'ए' लावतो, कोणी लावीत नाही. एकाने वडिलांचे नाव मध्ये घातलेले, दुसऱ्याने गाळलेले, तिसऱ्याने आडनाव शेवटी टाकून सगळा क्रमच फिरवलेला. बरे, एकाच नावाची दोन माणसे म्हणाल तर पाटील, जाधव, शिंदे आणि कुलकर्णी यांची आपल्याकडे काय वाण आहे? नावाने शोध घेतला की संगणक पुढे पाच आदित्य पाटील उभे करतो. त्यांतला आपला कोणता, हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून नावावर विसंबू नये, क्रमांक मागावा. फिडेचा ओळख-क्रमांक जन्मभर एकच राहतो. विश्वनाथन आनंद यांचा क्रमांक ५००००१७ आहे, सात आकडी. आजच्या मुलांचे बहुधा आठ आकडी असतात. प्रवेशअर्जावर हा क्रमांक लिहून घ्यावा, तोच सॉफ्टवेअरात घालावा आणि नाव, जन्मवर्ष व गुणांकन यादीतून आपोआप येऊ द्यावे. मग अर्जातले जन्मवर्ष आणि यादीतले जन्मवर्ष ताडून पाहावे. दोन्ही जुळली तर माणूस तोच. तलाठ्याच्या दप्तरात जमीन गट नंबराने शोधतात. 'नदीकाठचे पाटलांचे शेत' एवढ्यावर सातबारा निघत नाही. तोच प्रकार इथे.

यावर कोणी म्हणेल, मुलाला क्रमांक आहे की नाही हेच घरी ठाऊक नसते. खरे आहे. पूर्वी एखाद्या शालेय स्पर्धेत कोणीतरी तो काढून दिलेला असतो आणि घरचे विसरून जातात. मग इथला उत्साही कार्यकर्ता नवा क्रमांक मागतो आणि एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात. अर्धे डाव एका नोंदीत, अर्धे दुसऱ्या नोंदीत. त्या दोन्ही पुढे एकत्र करायच्या म्हणजे संघटनेशी पत्रापत्री आली. त्यापेक्षा आधीच सगळी स्पेलिंगे घालून, जन्मवर्ष लावून शोधावे. पाच मिनिटे जातील, पण पुढचे पाच महिने वाचतील.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत पंचांच्या टेबलाशी बसून मी नोंदी घालीत होतो. रांग वाढत चाललेली, वर पंखा बंद. एका मुलाचे नाव टाईप केले, यादीत दोन जण आले, मी वरचा उचलला. तो वरचा होता दुसऱ्याच गावचा, सतराशेवर गुणांकन असलेला. आमच्या पोराला तर गुणांकनच नव्हते. पहिल्या फेरीत त्याला आपल्याहून नवखा खेळाडू मिळाला आणि तो जिंकला. दुसऱ्या फेरीत पहिल्या काही पटांपैकी एकावर बसला आणि वीस चालींत साफ झाला. तिसऱ्या फेरीच्या जोड्या लागल्यावर त्याचे वडील आले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "साहेब, आमचा पोरगा सतराशेचा कधी झाला?" मला घाम फुटला. त्या एका पोराला वर चढवल्याने त्याच्या खालचे सगळे एकेक घर सरकले होते आणि पहिल्या फेरीच्या पुष्कळशा जोड्या ज्या लागायला हव्या होत्या त्या लागल्या नव्हत्या. नियमाप्रमाणे चुकीची माहिती केव्हाही सुधारता येते आणि तिला अनुसरून क्रमही नव्याने लावता येतो. पण चौथ्या फेरीच्या जोड्या लागल्यानंतर क्रमांकाला हात लावता येत नाही. आम्ही वेळेत होतो, सुधारणा केली. मात्र खेळून झालेले डाव खेळूनच झालेले असतात. वडील रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

इथे एक बारकी गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुष्कळ पंचांचाही यात गोंधळ होतो. स्पर्धा संपल्यावर सॉफ्टवेअर एक अहवालाची फाइल तयार करते आणि ती संघटनेमार्फत फिडेकडे जाते. तिथे गुणांकनाचा हिशेब फिडे स्वतःच्या यादीवरून करते आणि माणूस ओळखते क्रमांकावरून. म्हणजे तुम्ही आकडा चुकवलात, तर जोड्या बिघडतील, '१६०० च्या खालील उत्कृष्ट' असले बक्षीस भलत्याला जाईल, पण फिडेच्या हिशेबाला धक्का लागणार नाही. क्रमांक चुकवलात, तर मात्र इथल्या पोराने हरलेले डाव दूरच्या कोणा अनोळखी मुलाच्या खाती जमा होतील आणि एक तारखेला त्या घरी सगळे एकमेकांकडे पाहत बसतील, की हा संभाजीनगरला गेला तरी कधी?

शहराच्या नावाचीही एक गंमत आहे. शहराचे नाव २०२३ साली बदलले. अर्जांत कोणी औरंगाबाद लिहितो, कोणी संभाजीनगर, कोणी पुरते छत्रपती संभाजीनगर. फिडेच्या यादीत गावाचा प्रश्न येत नाही, तिथे देश पुरतो. पण स्थानिक खेळाडूंसाठी वेगळे बक्षीस ठेवलेले असेल, तर सॉफ्टवेअर गावाच्या रकान्यावरून निवड करते आणि त्याच्या लेखी ही तीन निरनिराळी गावे असतात. मग स्थानिकांची यादी काढली की निम्मी मुले गायब! नोंदी घालतानाच एक नाव ठरवावे आणि सगळीकडे तेच घालावे.

आता राहिला त्या आईचा प्रश्न.

ज्यांना गुणांकन नाही, त्यांच्यापुढे सॉफ्टवेअरात शून्य असते. समजा, एकशेवीसांपैकी साठ जणांना गुणांकन आहे. ते वर लागले. उरलेले साठ शून्यवाले. त्यांच्यात पुढेमागे कोणी लावायचे? किताबही कोणाला नाही, तेव्हा नियम म्हणतो, वर्णानुक्रमाने. तोही इंग्रजी. त्या मुलीचे आडनाव आघाव असले, तर शून्यवाल्यांत ती पहिली, म्हणजे एकूण एकसष्टावी. आणि एकसष्टाव्याची गाठ पहिल्याशी! तीच वाघमारे असती तर एकशेविसाच्या आसपास लागली असती आणि तिच्यासमोर साठाव्याच्या आसपासचा, गुणांकनवाल्यांतला सर्वांत हलका खेळाडू आला असता. यात कोणाचा कावा नाही, वशिला नाही. आडनाव तेवढे आहे.

याला उपाय आहे आणि तो नियमांतच सांगितलेला आहे. ज्याचे विश्वसनीय गुणांकन माहीत नाही, त्याचा अंदाज पंचांनी होईल तितका अचूक करावा, असे त्यांत म्हटले आहे. एखादा मुलगा जिल्ह्यात सगळ्यांना हरवीत असेल आणि केवळ फिडेची स्पर्धा खेळला नाही म्हणून शून्यावर बसला असेल, तर त्याला शून्यावर ठेवणे हा त्याच्यावर नव्हे, त्याच्या पहिल्या प्रतिस्पर्ध्यावर अन्याय आहे. पण गावातली सगळी मुले ओळखणारा पंच हवा आणि त्याच्या अंदाजावर लोकांचा विश्वास हवा. दोन्ही एकदम मिळणे कठीण, म्हणून बहुतेक ठिकाणी शून्यच राहते. माझ्या मते निदान शहरातल्या ओळखीच्या मुलांपुरते तरी हे धाडस करावे.

एक काम मात्र प्रत्येक मंडळाला जमण्यासारखे आहे. शनिवारी संध्याकाळी खेळाडूंची कच्ची यादी भिंतीवर लावावी आणि पालकांच्या मोबाइलवर पाठवावी. तीत नाव, क्रमांक, जन्मवर्ष आणि गुणांकन एवढे चार रकाने असावेत. 'रात्री नऊपर्यंत चूक कळवा' असे खाली लिहावे. आईबापांनीही नुसते नाव पाहून मान डोलवू नये, क्रमांक आकडा-आकडा जुळवून पाहावा. शंभर डोळे फिरले की पंचाच्या दोन डोळ्यांतून निसटलेले सापडते.

आणि त्या ताईंना मी त्या वेळी घाईत सांगू शकलो नाही, ते इथे सांगतो. पहिले गुणांकन मिळायला गुणांकन असलेल्या खेळाडूंशी निदान पाच डाव व्हावे लागतात आणि पहिल्या स्पर्धेत त्यांच्याविरुद्ध निदान अर्धा गुण मिळवावा लागतो. २०२४ पासून या हिशेबात १८०० गुणांकनाच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी झालेल्या दोन बरोबऱ्याही धरतात, आणि येणारा आकडा १४०० किंवा वर असला तर तो यादीत छापला जातो. सारखेच शून्यवाले समोर आले असते, तर मुलीचा त्या दिवशी एकही डाव या हिशेबात धरला गेला नसता. पहिल्या पटावर, पहिल्या नंबरासमोर बसून ती सकाळी दहा वाजता जो डाव हरली, तो तिच्या पाचांतला पहिला होता. आता चार राहिले.